सिंगापूर ते न्यूयॉर्क, एका दमात: आईला घेऊन केलेला अठरा तासांचा विमानप्रवास

ताईच्या बाळंतपणाची तारीख फेब्रुवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यातली होती आणि आईने नोव्हेंबरातच जाहीर करून टाकलं होतं की त्या वेळी ती तिकडे असणार. ताई न्यूयॉर्कला, आई गेली काही वर्षं माझ्याकडे सिंगापूरला. आईचं वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, रक्तदाबाची गोळी चालू. जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता, कसं जायचं एवढंच ठरवायचं होतं.

या दोन शहरांमध्ये सिंगापूर एअरलाइन्सचं थेट विमान आहे आणि ते जगातलं सर्वांत लांब पल्ल्याचं नियमित प्रवासी विमान म्हणून ओळखलं जातं. तिकिटावर साडेअठरा तासांच्या पुढचा आकडा. एवढा वेळ आईला एका खुर्चीत बसवायचं, की मध्ये कुठेतरी उतरून पाय मोकळे करू द्यायचे, यावर आमच्याकडे बराच काळ खल चालला. तेव्हा नेटवर शोधाशोध केली तर अंतराचे आणि तासांचे आकडे ढीगभर मिळाले, पण ते एकमेकांशी जुळेनात आणि का जुळत नाहीत हे कुणी सांगेना. म्हणून जे समजलं ते क्रमाने लिहून ठेवतोय. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन लांब जायचं असेल तर उपयोग होईल.

आधी अंतर. चांगी विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ १५,३४९ किलोमीटर, असा आकडा सगळीकडे दिसतो. तो वहीवर मांडून पडताळता येतो. चांगी विषुववृत्ताच्या १.३६ अंश उत्तरेला, जेएफके ४०.६४ अंश उत्तरेला. रेखांश पाहिले तर एक जवळजवळ १०४ अंश पूर्व, दुसरा जवळजवळ ७४ अंश पश्चिम. बेरीज १७८, म्हणजे गोलाच्या पार दोन विरुद्ध अंगांना. अशा दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाला जवळजवळ शिवून जातो. चांगीहून ध्रुवापर्यंत ८८.६४ अंश, ध्रुवावरून खाली जेएफकेपर्यंत ४९.३६ अंश, एकूण १३८. एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर धरले की उत्तर येतं १५,३४६. छापील आकड्यापासून तीन किलोमीटर इकडेतिकडे. आठवीच्या भूगोलाचा पुढे इतका रोख उपयोग होईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर जरा लक्ष दिलं असतं.

एवढा सोपा हिशेब अर्थात याच जोडीचा. बाकी शहरांसाठी सूत्र जरा किचकट आहे, पण घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन ठिकाणांवर दोरा ताणून धरला तरी रस्ता दिसतो. आमचा दोरा सिंगापूरहून थायलंड-लाओसच्या बाजूने चीनमधल्या चेंगडूवरून, मंगोलियावरून, सायबेरियातल्या इर्कुत्स्कवरून थेट ध्रुवाकडे गेला आणि पलीकडून कॅनडावरून खाली उतरला. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे कधीच दिसणार नाही.

आता गंमत अशी की विमान या रस्त्याने जातच नाही. एक तर फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाच्या आकाशातून जाणं बऱ्याच कंपन्यांनी बंद केलं, त्यात सिंगापूर एअरलाइन्सही आली. आणि ती वाट खुली असती तरी वाऱ्याचा हिशेब वेगळाच असतो. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराच्या वाऱ्याचा पट्टा असतो, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात जपानच्या आसपास तो ताशी २०० किलोमीटरच्या सहज पुढे जातो. हे वारे पहिल्यांदा नीट मोजले ते वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात, आकाशात फुगे सोडून. जगाला कळावं म्हणून त्याने अहवाल एस्परांतो भाषेत छापला, आणि त्यामुळेच बहुधा तो फारसा कुणी वाचला नाही.

असा वारा पाठीशी मिळत असेल तर हजार-दीड हजार किलोमीटर जास्त उडूनही वेळ वाचतो. म्हणून जाताना विमान बहुतेक वेळा पूर्वेकडे, जपानच्या बाजूने प्रशांत महासागर ओलांडून जातं. २०१८ मध्ये ही सेवा न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्क विमानतळासाठी पुन्हा सुरू झाली तेव्हा कंपनीनेच हा प्रवास सुमारे १६,७०० किलोमीटरचा असल्याचं सांगितलं होतं, आणि न्यूअर्कचं सरळ अंतर आहे १५,३४४. तेव्हा दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर एक चूक आहे असं समजू नका. एक दोऱ्याचा आहे, दुसरा विमानाचा.

तासांचं कोडं याहून साधं होतं, पण आईला त्यानेच जास्त चकवलं. वेळापत्रकात सुटण्याची वेळ रात्री ११:५०, पोचण्याची पहाटे ५:३०. तिने बोटांवर मोजून विचारलं, "अरे, साडेपाच तासच? मग एवढा घोळ कशाला घालतोयस?" दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. फेब्रुवारीत न्यूयॉर्क सिंगापूरच्या १३ तास मागे. ५ तास ४० मिनिटांत १३ मिळवले की १८ तास ४० मिनिटं. तारखेवरून गोंधळ होत असेल तर सरळ दोन्ही वेळा एकाच गावच्या घड्याळात लिहून काढायच्या. आमच्या फ्रिजवर तो कागद लावला होता: सिंगापूरच्या घड्याळाने मंगळवारी रात्री ११:५० ला निघायचं, बुधवारी संध्याकाळी ६:३० ला पोचायचं.

आणि हे १८ तास ४० मिनिटं सगळे हवेतले नसतात. तिकिटावरचा वेळ दारातून विमान मागे सरकल्यापासून तिकडच्या दारात लागेपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावरची फिराफिर, सगळं त्यात धरलेलं असतं. त्यात कंपन्या थोडी सैल जागाही ठेवतात. कुठल्याही लांबच्या प्रवासाचा अंदाज काढायचा असेल तर मी आता किलोमीटरला ८५० ने भागतो आणि वर पाऊण तास टाकतो. पश्चिमेकडे जायचं असेल तर आणखी थोडा वेळ, पूर्वेकडे असेल तर थोडा कमी. वारा किती फरक पाडतो याचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं: वादळी वारा पाठीशी घेऊन ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात.

मग पर्याय मांडले. फ्रँकफर्टमार्गे: सुमारे १०,३०० अधिक ६,२०० किलोमीटर. टोकियोमार्गे: ५,३५० अधिक १०,८००. दुबईमार्गे: ५,८५० अधिक ११,०००. मला वाटत होतं की थांबा घेतला की अंतर खूप वाढत असेल. पण तिन्हींची बेरीज १६ ते १७ हजारांमध्येच येते, म्हणजे थेट विमान प्रत्यक्षात जितकं उडतं साधारण तितकीच. वेळ वाढतो तो जमिनीवर. कमीत कमी थांब्यासकट सगळे पर्याय २२ ते २५ तासांच्या घरात जात होते. एका तिकीट-तुलनेच्या संकेतस्थळावर एक पर्याय फारच स्वस्त दिसला. नीट वाचल्यावर कळलं की ती दोन वेगळी तिकिटं एकत्र शिवलेली होती: मध्ये उतरून सामान स्वतः घ्यायचं आणि पुन्हा नव्याने चेक-इन करायचं. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणाचीच नाही. वयस्कर माणूस बरोबर असताना या वाटेला जाऊ नये. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर आहे ना, एवढं पाहायचं.

फ्रँकफर्टच्या बाबतीत आणखी एक कागदी भानगड होती. त्या वेळी भारतीय पासपोर्टवर जर्मनीत नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागत असे, मात्र वैध अमेरिकी व्हिसा असेल तर सूट. आईकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता, पण जुन्या, मुदत संपलेल्या पासपोर्टात. असं चालतं. व्हिसा वैध आहे आणि पानाला काही झालेलं नाही, तर जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे, व्हिसा नव्यात उतरवून घ्यावा लागत नाही. दोन्हींवरचं नाव मात्र अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. माझा व्हिसा नव्याने काढावा लागला: डीएस-१६० अर्ज, १८५ अमेरिकी डॉलर फी, दोन बाय दोन इंचांचा फोटो, मुलाखत. त्यावर आधीच इतक्या जणांनी लिहिलंय की मी भर घालत नाही.

शेवटी निर्णय झाला तो डॉक्टरांच्या खोलीत. मी तासांबद्दल विचारत होतो. त्यांनी आईला विचारलं, "गुडघे कधी दुखतात, बसल्यावर की चालल्यावर?" आई म्हणाली, "उभं राहिल्यावर. रांगेत." मग बाकी चर्चा पाचच मिनिटांत आटोपली. थांबा म्हणजे पाय मोकळे करायला मिळणं, हे माझ्यासारख्यासाठी. तिच्यासाठी थांबा म्हणजे पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी, पुन्हा लांबच लांब चालणं, पुन्हा चढणं-उतरणं. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्यांनी समजावून सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो, पण मुळात तो सहा हजारांत एक इतका आहे. म्हणजे दुर्लक्ष करायचं नाही, आणि घाबरायचंही नाही. गुडघ्यापर्यंतचे दाब देणारे मोजे माप घेऊन आणायचे, दर दीड-दोन तासांनी उठायचं, बसल्या जागी घोट्यातून पाय फिरवायचे, पाणी पीत राहायचं. ज्यांना आधी गुठळी झालेली आहे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे त्यांचं गणित वेगळं, ते आपापल्या डॉक्टरांकडूनच.

या थेट विमानात साधा इकॉनॉमी वर्गच नाही, हे मला तिकीट काढताना कळलं. एअरबस ए३५०-९०० यूएलआर नावाचं हे खास लांब पल्ल्याचं विमान. नेहमीच्या ए३५० मध्ये १,४१,००० लिटर इंधन मावतं, यात १,६५,०००. इतकं इंधन वाहून न्यायचं तर माणसं कमी घ्यावी लागतात, म्हणून सगळ्या विमानात फक्त १६१ जागा: ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. हीच सेवा आधी २००४ ते २०१३ या काळात चार इंजिनांच्या ए३४०-५०० ने चालवून पाहिली होती. इंधनाचा खर्च परवडेना म्हणून बंद पडली, आणि दोन इंजिनांवर इतका पल्ला गाठणारं विमान आल्यावरच परत सुरू झाली. थोडक्यात, स्वस्त तिकीट इथे मिळणं कठीण. आम्हाला प्रीमियम इकॉनॉमीचं जाऊन-येऊन माणशी साडेतीन हजार सिंगापूर डॉलरच्या आसपास पडलं. एका थांब्याचं साध्या इकॉनॉमीचं तिकीट दोन हजारांच्या आत मिळत होतं. मी एकटा असतो तर थांब्याचंच घेतलं असतं, यात शंका नाही. या वर्गात आसनांची मांडणी दोन-चार-दोन आहे. दोघं जात असाल तर कडेची दोनची जोडी घ्या, म्हणजे उठताना फक्त घरच्याच माणसाला ओलांडावं लागतं. आईला आतल्या वाटेकडची जागा दिली, मी खिडकीशी.

तिकीट डिसेंबरच्या सुरुवातीला काढलं. लगेच व्हीलचेअर नोंदवली. याचे तीन प्रकार असतात, फोनवर विचारतात, तेव्हा माहीत असलेलं बरं: डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही पण जिना चढता येतो, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही चढता येत नाही, डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंतही उचलून न्यावं लागतं. आईसाठी मधला सांगितला. याला पैसे लागत नाहीत. निदान ४८ तास आधी सांगायचं, आणि मी दोन दिवस आधी फोन करून नोंद आहे ना हेही विचारून घेतलं. आईला व्हीलचेअरची लाज वाटत होती. "मी काय आजारी आहे?" हे वाक्य घरात अनेकदा झालं. ताईने फोनवर सांगितलं, की खुर्चीमुळे बरोबरच्या माणसाचीही रांग वाचते. मुलाची सोय होतेय म्हटल्यावर ती तयार झाली.

गोळीची वेळ हा खरा किचकट भाग. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी आठला. सिंगापूरचे सकाळचे आठ म्हणजे न्यूयॉर्कचे आदल्या संध्याकाळचे सात. डॉक्टरांनी सांगितलं की विमानात सिंगापूरच्याच घड्याळाने घ्या, तिकडे गेल्यावर रोज थोडी थोडी पुढेमागे करून सकाळवर आणा. त्यासाठी आईचं मनगटी घड्याळ आम्ही बदललंच नाही. फोन आपोआप वेळ बदलतो, त्यामुळे फोनमधल्या गजरावर औषध सोडू नये. गोळ्या सगळ्या हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. प्रत्येक औषधाचा नियम वेगळा असतो, इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे आधी लिहूनच घ्यावं.

मंगळवार, २० फेब्रुवारी. रात्री ९ च्या आत विमानतळावर. अमेरिकेच्या मार्गावर सामान किलोत नाही, नगात मोजतात: माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलोपर्यंत. एक बॅग ३० आणि दुसरी १६ असं चालत नाही. चेक-इनला अमेरिकेतला पत्ता विचारतात, पिनकोडसकट. तो कागदावर लिहून नेला होता, कारण ताईचा पत्ता मला पाठ नाही आणि फोन ऐन वेळी दगा देतात. चांगीच्या या भागात सुरक्षा तपासणी मुख्य दाराशी नसून गेटवरच असते. त्यामुळे आत मनसोक्त फिरता येतं, पण गेटवर वेळेत पोचावं लागतं आणि हातातलं पाणी तिथेच टाकावं लागतं. अमेरिकेला जाणाऱ्यांना वर काही प्रश्नही विचारतात: बॅग कुणी भरली, कुणी काही दिलंय का. आईने सविस्तर सांगायला सुरुवात केली, कुणाकडून बाळासाठी काय आलंय ते. मी तिचा हात दाबला. विचारलं तेवढंच सांगायचं.

विमान वेळेवर सुटलं. चालवायला चार वैमानिक, दोघं काम करतात तेव्हा दोघं विश्रांती घेतात. आत शिरल्यावर मला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. हवेचा दाब या विमानात ६,००० फूट उंचीवर असतो तितका ठेवतात, बऱ्याच जुन्या विमानांत तो ८,००० फुटांइतका असतो. कानांना आणि डोक्याला फरक पडतो असं म्हणतात. हवा मात्र कोरडीच. तीन-चार तासांनी नाक आणि ओठ सुकायला लागले. ओठांना लावायचं मलम आणि डोळ्यांत घालायचे थेंब वरच्या कप्प्यात नाही, समोरच्या खिशात हवेत.

पहिले सहा तास झोपेत गेले. मला जाग आली ती खिडकीच्या कडेतून आलेल्या उजेडाने. पडद्यावरच्या नकाशात विमान जपानच्या दक्षिणेला होतं आणि जमिनीच्या तुलनेतला वेग ताशी १,१०० किलोमीटरच्या वर दाखवत होता, म्हणजे ओइशीच्या वाऱ्याने धरलं होतं. सिंगापूरच्या घड्याळात सहा वाजून गेले होते. इथून पुढचा भाग कुणी सांगून कळला नसता. पूर्वेकडे पळत असल्यामुळे आम्ही सूर्याच्या उलट दिशेने निघालो होतो, आणि दिवस दुप्पट वेगाने संपत होता. आईने गोळी घेतली तेव्हा सकाळचं ऊन होतं. थोडं खाऊन, दोनदा मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालून येऊन, एक डुलकी काढून बघितलं तर खाली ढगांवर संध्याकाळ. उण्यापुऱ्या सहा तासांत एक अख्खा दिवस. आई खिडकीकडे वाकून म्हणाली, "आत्ताच तर उजाडलं होतं!" मध्येच कुठेतरी तारीखरेषा ओलांडली, आणि बुधवार झालेला असताना परत मंगळवार सुरू झाला. तो बुधवार आम्हाला न्यूयॉर्कच्या मध्यरात्री पुन्हा मिळाला.

सर्वांत कठीण वाटले ते बाराव्या ते पंधराव्या तासामधले तास. झोप झालेली असते, बाहेर काळोख, करण्यासारखं काही उरत नाही आणि नकाशातलं विमान हलत नाही असं वाटतं. या वेळेसाठी काहीतरी राखून ठेवावं. मी पुस्तक सुरुवातीलाच काढलं नाही ते यासाठी. आईने लोकरीचं टोपडं विणायला घेतलं. सुया प्लास्टिकच्या होत्या आणि कंपनीला आधी विचारून घेतलं होतं. याच तासांत पाय सुजतात. बूट काढून बसला असाल तर उतरण्याच्या तासभर आधी घालून बघा. मोज्यांमुळे आईचे पाय ठीक होते, माझे बूट मात्र घट्ट झाले, कारण मोजे फक्त तिच्यासाठी आणले होते.

विमान वेळेच्या जवळपास पाऊण तास आधी टेकलं. त्याचा फायदा सगळाच झाला नाही, कारण दार मोकळं व्हायला थोडं थांबावं लागलं. दारात व्हीलचेअर उभी होती. पहाटेची वेळ असल्याने इमिग्रेशनला गर्दी कमी. अधिकाऱ्याने आईला विचारलं, किती दिवस राहणार, कुणाकडे. तिने ताईचं नाव सांगितलं आणि मी परतीचं तिकीट दाखवलं. बोटांचे ठसे, फोटो, शिक्का. शिक्का मारला तर त्यावरची तारीख बघून घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर आय-९४, म्हणजे अमेरिकेत शिरल्याची नोंद, उघडून नाव आणि राहण्याची मुदत बरोबर आहे का तेही तपासावं. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत ती, जी आय-९४ वर असते. यात खूप जणांची गल्लत होते. इथून पुढे अमेरिकेतल्याच दुसऱ्या गावी विमानाने जाणाऱ्यांना बॅगा इथेच ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, तेव्हा पुढच्या विमानाला किमान तीन तासांचं अंतर ठेवा. आम्ही सात वाजता ताईच्या नवऱ्याच्या गाडीत होतो. सिंगापूरच्या दारातून न्यूयॉर्कच्या दारापर्यंत हिशेब केला तर चोवीस तासांच्या आसपास. "अठरा तासांचं विमान" म्हणताना हे डोक्यात ठेवलेलं बरं.

झोपेचं चक्र. तेरा तासांचा फरक म्हणजे दिवसाची रात्र. पहिला दिवस कसाबसा ओढला, उजेडात थोडं चाललो आणि रात्री आठला झोपलो. रात्री दोनला दोघंही टक्क जागे. स्वयंपाकघरात बसून आम्ही चहा प्यायलो, ताईही उठून आली, तिला तसंही झोप लागत नव्हती. मला चार-पाच दिवस लागले, आईला आठवड्याच्या वर. दुपारची झोप अर्ध्या तासावर ठेवणं आणि सकाळी उन्हात बसणं एवढंच काय ते उपयोगी पडलं. मुद्दाम लवकर गेलो होतो ते यासाठीच. बाळ यायच्या आदल्या दिवशी पोचलो असतो तर मदतीऐवजी आम्हीच दोन अडचणी झालो असतो. भाची २६ तारखेला आली.

१० मार्चच्या रविवारी अमेरिकेची घड्याळं एक तास पुढे गेली. सिंगापूरची घड्याळं कधीच हलत नाहीत, त्यामुळे फरक तेराचा बारा झाला. आईला हे फार आवडलं, कारण आता तिच्या मनगटावर न्यूयॉर्कचीच वेळ दिसत होती, फक्त सकाळची संध्याकाळ समजायची. मार्च किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला येजा असेल तर परतीच्या वेळा आणि औषधांचं गणित पुन्हा एकदा मांडा.

परतीचं विमान गुरुवारी, १४ मार्चला, रात्री १०:३० चं. पोचणार शनिवारी पहाटे पाचच्या सुमारास. मधला शुक्रवार आकाशात. सिंगापूरला परत येणाऱ्यांना एसजी अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं आणि ते मोफत आहे. शोधल्यावर वरती येणारी आणि पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नसतात. मला वाटलं होतं की आता आल्या वाटेने, वारा अंगावर घेत परत जायचं. पण विमान निघालं अटलांटिकवर, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच! वाऱ्याच्या विरुद्ध प्रशांत महासागर ओलांडण्यापेक्षा उरलेली पृथ्वी पालथी घालणं परवडतं. चार तासांनी उजाडलं, युरोपावरून दुपार गेली, त्यानंतर पुन्हा लवकर अंधार. भारतावरून गेलो तेव्हा रात्र होती. मी आईला उठवलं नाही. सिंगापूरहून पूर्वेला निघून पूर्वेलाच जात राहून घरी पोचलो, म्हणजे दोन विमानांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण. हे आईला घरी आल्यावर गोल घेऊन दाखवलं. तिने आधी विचारलं की याचे वेगळे पैसे घेतले नाहीत ना.

परतल्यावर झोप बसायला जाताना लागले त्यापेक्षा थोडे कमी दिवस लागले. गोळी मात्र पहिल्याच दिवशी पूर्ववत सकाळी आठला, कारण मनगटावरचं घड्याळ सिंगापूर सोडून कुठे गेलंच नव्हतं. आता आई बारशानंतरच्या फोटोंवर समाधान मानेल असं वाटलं होतं, पण ताईने पुढच्या हिवाळ्यातले भाव पाठवले आहेत, एक थांबा, फ्रँकफर्टला, बरेच स्वस्त. आई म्हणाली, "स्वस्त असू दे. तिथे चालायचं किती ते आधी विचार."